तीन पट्ट्या

आमच्या पाच दिवसांच्या पदयात्रेचे पहिले दोन दिवस आता वेगवेगळे आठवत नाहीत. पहाटेची प्रार्थना, सर्वांच्या पुढे उचलून धरलेला क्रूस, पायांखालची खडी, रात्रीची गाढ झोप, एवढेच मागे राहिले आहे. बायबलमधील स्तोत्र 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रे, म्हणजे यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची गीते, आम्ही चालता चालता क्रमाने म्हणत असू. माझ्या बरोबरीने चालणारे वयस्कर काका दर वेळी 121व्या स्तोत्रापाशी थांबून ‘मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो’ ही ओळ पुन्हा म्हणत आणि तेवढ्यात पुढची मंडळी लांब जात. देवाच्या वचनापाशी थांबणाऱ्या माणसाचा राग यावा याची मला लाज वाटत होती, तरी राग येतच होता.

तिसऱ्या दिवशी काकांच्या मोज्यावर रक्त उतरलेले मला दिसले. अंगठ्याचे नख फुटले होते. माझ्या पिशवीत तीन चिकटपट्ट्या होत्या आणि माझ्या डाव्या टाचेवरही फोड धरू लागला होता. त्यांनी काही मागितले नाही आणि मीही बोललो नाही. अजून दोन दिवस चालायचे आहे, त्यांच्याजवळ असतीलच, मुक्कामी कोणीतरी देईल, असे म्हणत मी तासभर पिशवीचा बंद धरून चाललो. माझा स्वार्थ नेहमी असाच समजूतदारपणे बोलतो. वधस्तंभ उचलून मागे येण्याचे प्रभूचे वचन मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही दिले आहे, पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकमध्ये आहे (9:23). मोठ्या त्यागाची वेळ येईल म्हणून मी वर्षानुवर्षे वाट पाहिली होती; तो ‘दररोज’ त्या दुपारी एका चिकटपट्टीएवढा होऊन माझ्यापुढे आला होता.

शेवटी मी एक पट्टी दिली. संध्याकाळी साक्षी सांगताना काकांनी सावलीबद्दल आणि पाण्याबद्दल देवाचे आभार मानले, पट्टीचा उल्लेख केला नाही, आणि मी मनातून दुखावलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले की पट्टी हातून सुटली होती, पण तिच्याबद्दलची शाबासकी मी अजून मुठीत धरून होतो. ख्रिस्ताने स्वतःचे सुख पाहिले नाही, असे पौल रोमकरांस लिहितो (15:3). ते वाक्य मला तोंडपाठ होते. मी प्रभूला एवढेच म्हणालो की तुला आवडावे म्हणून दिले असे मला म्हणता येत नाही.

चौथ्या दिवशी टाचेवरचा फोड असह्य झाला आणि मी मागे पडलो. रस्त्याकडेला विसावलेल्या एका अनोळखी बाईंनी काही न विचारता माझा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. त्यांनी जंतुनाशकाने सुई पुसली, फोडाच्या कडेला टोचली, कापडाने पाणी हळूहळू टिपून घेतले आणि “वरची कातडी काढू नका, तीच जखम राखते,” असे सांगून पट्टी बांधली. मला बूट घालता येईपर्यंत त्या थांबल्या. मी आभार मानायला मान वर केली तेव्हा त्या पिशवी उचलून निघाल्याही होत्या. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

पाचव्या दिवशी आम्ही पोहोचलो. त्या सकाळी काका पुन्हा त्याच ओळीपाशी थांबले, रांग पुढे गेली, आणि चिडचीड पूर्वीसारखीच उफाळून आली. प्रभू, आत्ताही, एवढेच मनात म्हणून मी त्यांच्याबरोबर ती ओळ दुसऱ्यांदा म्हटली.