आकामे गा किल: सुरुवात जबरदस्त, शेवट मात्र...

स्पॉयलर आहेत, बघायची असेल तर इथेच थांबा.

या जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) सिरीजचा पहिला एपिसोड काय जबरी आहे यार, गावातून आलेल्या तात्सुमीला जी श्रीमंत घरातली गोड मुलगी आसरा देते तिच्याच गोदामात त्याचे मित्र हालहाल करून मारलेले सापडतात आणि तो तिथल्या तिथे तिला कापतो, तिथेच मी अडकलो. मग शीले, तात्सुमी नंतर ज्या मारेकऱ्यांच्या गटात जातो त्यातली. अर्धं शरीर गेलेलं असताना तिच्या त्या भल्यामोठ्या कात्रीचा लख्ख उजेड पाडते आणि गटातल्याच माइनला पळायला वेळ मिळवून देते, फार रडवलं राव त्या सीनने.

पण २०१४ ला सिरीज आली तेव्हा मांगा (मूळ जपानी कॉमिक) अर्धवटच होता (तो २०१६ ला संपला), त्यामुळे शेवट सिरीजवाल्यांनी स्वतःचाच रचला. आणि मग एकेकाला नुसतं उरकत सुटले. माइन शत्रूच्या सेनापतीला, बुडोला हरवते आणि लगेच मरते, पुढे तात्सुमीही जातो, एकाचं दुःख नीट पचत नाही तोवर दुसरा गेला! शीलेच्या मरणाला जो वेळ दिला तो यांना का नाही? २४ एपिसोड होते की हातात.

मांगामध्ये माइन आणि तात्सुमी दोघंही जगतात, तोच वाचा.