सॅन फ्रान्सिस्कोतली वळणावळणाची वाट

"समोरचा चढ बघूच नकोस. माझ्या मागे ये."

ड्युबोस अव्हेन्यूच्या सिग्नलला शेजारी सायकलवर थांबलेल्या साठीच्या बाई एवढंच म्हणाल्या आणि हिरवा लागताच निघाल्यासुद्धा.

मग उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. स्टायनर, वॉलर, पिअर्स, हेट, स्कॉट असे एकेक रस्ते. सारखी वळणं, पण चढ नावालाच. दोन्ही बाजूंना धाप लागेल अशा टेकड्या आणि आम्ही मधून गप्पा मारत चाललोय! मैलभरात पॅनहँडल ही बागेची अरुंद पट्टी आली, त्यापुढे गोल्डन गेट पार्क.

या वाटेला इथे 'विगल' म्हणतात. पूर्वी टेकड्यांमधल्या या सखल भागातून ओढा वाहायचा. पाण्याने शोधलेला मार्ग आज सायकली वापरतात. मला हे फार सुंदर वाटलं.

इथे सायकल घेऊन येणाऱ्यांनी एक नक्की लक्षात ठेवा: ट्रामचे रूळ काटकोनातच ओलांडायचे. तिरके गेलात की चाक खाचेत अडकतं, आणि ओल्या रुळांवरून तर घसरतंच. दम संपला तर म्युनी या शहर बससेवेच्या बसच्या पुढच्या रॅकवर सायकल चढवता येते. रस्त्यावरच्या रुळांवरून धावणाऱ्या केबल कारमध्ये मात्र नेता येत नाही.

पण राहून राहून त्या बाईच आठवतायत. अनोळखी माणसासाठी किती सहज वेग कमी केला त्यांनी! प्रत्येक वळणाआधी हात दाखवत होत्या, मागे वळून बघत होत्या.

तुमच्या गावात नवख्या सायकलवाल्याला तुम्ही कुठली वाट दाखवाल?