टेलिंग फॅक्टरच्या पलीकडे

बुधवार, रात्री

आज दिवसभर लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या आलेखातल्या एकाच पीकच्या, म्हणजे शिखराच्या, मागे होते. (या तंत्रात मिश्रणातले पदार्थ कॉलममधून जाताना वेगळे होतात आणि प्रत्येकाचं एक शिखर उमटतं.) ॲमिट्रिप्टिलीन हे औषध, सी-१८ कॉलम (१८ कार्बनच्या साखळ्या लावलेल्या सिलिकाने भरलेली नळी), पीएच ७ चा फॉस्फेट बफर. पीक झपकन चढतं, पण उतरताना बेसलाइनला टेकायचं नाव घेत नाही. टेलिंग फॅक्टर, म्हणजे ही शेपूट मोजणारा आकडा, १.४ आला (सममित पीकचा १). फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथाची) ०.८ ते १.८ ही मर्यादा पाहता सिस्टिम सुटेबिलिटी (उपकरण कामायोग्य आहे का, ही चाचणी) पास, पुढचं काम सुरू करायला हरकत नाही. माझं मात्र समाधान होत नाही. ५ टक्के उंचीवरची पूर्ण रुंदी घ्यायची, पुढच्या भागाच्या दुपटीने भागायची, झाला टेलिंग फॅक्टर. पण शेपूट कशामुळे आली, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

म्हणून संध्याकाळी डेटा एक्स्पोर्ट करून त्यावर एक्स्पोनेन्शियली मॉडिफाइड गॉसियन बसवला. हे मॉडेल मला मनापासून आवडतं. एका सममित, घंटेच्या आकाराच्या गॉसियन वक्राला घसरत्या एक्स्पोनेन्शियलची जोड द्यायची, बस्स. सिग्मा (गॉसियनचा पसारा) आला ३ सेकंद, टाऊ (शेपटीचा पसारा) ४ सेकंद. व्हेरियन्सची (पसाऱ्याच्या वर्गांची) सरळ बेरीज होते: ९ अधिक १६, म्हणजे २५. खरा पसरट‌पणा ५ सेकंदांचा, आणि त्यातला मोठा वाटा शेपटीचा! अर्ध्या उंचीच्या रुंदीवरून ५.५४ चं सूत्र लावलं, तर ही शेपूट हिशोबात नीट येतच नाही आणि प्लेट काउंट (कॉलमची कार्यक्षमता सांगणारा आकडा) फुगून दिसतो. तो आकडा रिपोर्टमध्ये लिहिताना मला दरवेळी खटकतं.

मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये प्लेट थिअरी मांडली; तिच्यात कॉलम म्हणजे कल्पित थरांची (प्लेट्सची) रांग. असंख्य छोट्या समतोलांतून गॉसियन आकार का येतो, हे त्यातून छान कळतं. पण शेपटीसाठी मला १९५५ ची गिडिंग्ज आणि आयरिंग यांची मांडणी जास्त जवळची वाटते. ती एकेका रेणूचा प्रवास बघते: किती वेळा चिकटला, किती वेळ थांबला. बहुतेक जागांवरून रेणू चटकन सुटतात. कॉलममधल्या सिलिकावर उरलेले सिलॅनॉल (Si-OH गट) मात्र ॲमिट्रिप्टिलीनसारख्या धनभारित अमाइनला धरून ठेवतात. अशा जागा थोड्याच असतात. तिथे अडकलेले रेणू, गर्दीच्या बसमधून मागे राहिलेल्या प्रवाशांसारखे, उशिरा एकेक करून पोचतात.

तरीही फिट सुंदर बसला म्हणजे कारण सापडलं, असं मी मानणार नाही. डिटेक्टरचा टाइम कॉन्स्टंट (प्रतिसादातला उशीर) किंवा ढिल्या फिटिंगमधला डेड व्हॉल्यूमसुद्धा (रिकामी जागा) असाच टाऊ देतो. फरक असा, की तो दोष सगळ्याच पीकना लागतो आणि लवकर येणाऱ्या अरुंद पीकना जास्त झोंबतो. आजच्या मिश्रणातलं, धनभार नसलेलं टोल्युइन अगदी सममित आलं, त्यामुळे फिटिंगवरचा माझा संशय जवळजवळ गेला. ओव्हरलोड, म्हणजे कॉलमला सॅम्पल झेपेनासं होणं, हा संशय उरला. त्यात पुढची कड उभी होते आणि मात्रा वाढवत गेलं की पीकचं टोक लवकरच्या वेळेकडे सरकतं.

हे सगळं कशासाठी? तर मुख्य पीकच्या शेपटीवर एखादी अशुद्धी बसलेली असते, आणि ०.०५ टक्क्यांच्या पातळीवर तिचं क्षेत्रफळ मोजताना स्पर्शरेषेने कापायचं की सरळ लंब टाकायचा, यावर तिचा आकडा बदलतो. औषधाच्या बॅचचा निर्णय त्यावर ठरतो.

उद्या सॅम्पल दहापट पातळ करून लावते. टाऊ तसाच राहिला, म्हणजे ओव्हरलोड नसला, तर बफर पीएच ३ वर आणून बघेन; तिथे सिलॅनॉलची पकड सैल होते.