आईचे हात वर का जात नव्हते

गेल्या वैशाखात आईला पाटावरून उठता येईना, वेणी घालायला हात वर जाईनात, तेव्हा यावल तालुक्यातल्या आमच्या घरी सर्वांनी तो उन्हाचा आणि वयाचा थकवा मानला. गावात दोनदा सलाईन लावले. पुढे पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे उठले. जळगावच्या तपासणीत, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे आणि एरवी सुमारे 200 पर्यंत असणारे सीके हे विकर 6,000 च्या वर निघाले आणि डर्माटोमायोसायटिस, म्हणजे त्वचेसह स्नायूंचा दाह, असे निदान झाले.

डॉक्टरांनी दाह शमवणारे पण प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड लगेच सुरू केले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आपल्या उष्ण प्रदेशात स्नायू सुजण्यामागे डेंग्यू किंवा चिकुनगुन्या असू शकतो, एचआयव्ही असू शकतो, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिनची गोळीही असू शकते. एकाच स्नायूत पू झाला, तर तो बहुधा स्टॅफिलोकॉकस जिवाणूचा संसर्ग असतो आणि तिथे स्टेरॉइड नव्हे, निचरा आणि अँटिबायोटिक लागते. फीतकृमीच्या अंड्यांनी दूषित झालेली भाजी कच्ची खाल्ल्यास शाकाहारी माणसाच्या स्नायूंतही गाठी होतात, हे मला तेव्हाच कळले. क्षयाची तपासणी झालीच. पण त्यांनी सर्वाधिक वेळ दिला तो आई केळीच्या बागेत अनवाणी चालते का, या प्रश्नाला. ओल्या मातीतला स्ट्रॉन्जिलॉइड्स जंत तळव्यातून शिरतो, अनेक वर्षे निमूट राहतो आणि स्टेरॉइड मिळताच इतका फैलावतो की जीव जाऊ शकतो. कर्करोगही शोधला, कारण मोठ्या वयात या आजाराआड तो दडलेला असू शकतो.

यांपैकी काहीच सापडले नाही. रक्तात एमआय-2 विरोधी प्रतिपिंडे, म्हणजे शरीराच्याच एका प्रथिनावर उलटणारी आणि या आजारात आढळणारी प्रतिपिंडे, मात्र मिळाली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील रुग्णांच्या अभ्यासात जिथे उन्हातली अतिनील किरणे तीव्र, तिथे डर्माटोमायोसायटिसचे आणि याच प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक आढळले होते. पंचेचाळीस अंशांच्या आमच्या मे महिन्यात आईने आयुष्यभर निंदणी केली आहे, म्हणून ते वाचताना मला गलबलून आले.

आता ती पूर्ण बाह्यांचे पोलके घालून, ऊन चढण्याआधीच शेतातून परतते. तरीही गल्लीतल्या सगळ्याच बायांनी तेच ऊन सोसले असताना हा आजार तिलाच का व्हावा, हे मी डॉक्टरांना दर भेटीत विचारते; ते जनुकांचा उल्लेख करतात आणि पुढची सीके तपासणी लिहून देतात.