मिरगाआधीची हवा

5 जून, फोंडा

सकाळपासून आभाळ भरलंय, पाऊस नाही. वाराही पडलेला. दोरीवरचे कालचे कपडे अजून ओलसरच आहेत. ही हवा अंगावरचा घामही सुकू देत नाही. घाम सुकताना अंग गार होतं. नुसता गळला तर पाणी आणि मीठ तेवढं जातं. पाळी जायच्या वयात शरीराची उष्णता सोसायची मर्यादा आधीच अरुंद झालेली असते, किंचित तापमान वाढलं तरी आतून वाफ उसळते. अशा बाईला "उकडतंय सगळ्यांनाच" म्हणणं हा अन्याय आहे.

अर्धशिशीचं वेगळं. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत ती जास्त उठते, कारण इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक उतरलेलं असतं. हवेचा दाब घसरला तरी काहींचं डोकं धरतं. दोन्ही एकदम आलं की नक्की कशानं दुखलं हे आठवणीवर ठरत नाही. वहीत चार रकाने आखायचे: पाळीचा दिवस, झोपेचे तास, हवा, दुखणं सुरू झाल्याची वेळ. तीन महिने लिहायचं, न दुखलेल्या दिवशीसुद्धा. चूक होते ती इथेच. दुखलेलेच दिवस मांडले तर प्रत्येक ढगावर आळ येतो. गोळ्याही मोजाव्यात, साधी वेदनाशामकं महिन्यात 15 दिवस घेतली जाऊ लागली की त्यांच्यानेच डोकं दुखायला लागतं.

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी, सोलं घट्ट डब्यांत गेली. थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली मात्र शेगडीशेजारच्या फळीवरच असते! त्या गोळ्यांतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, उष्णतेनं आणि ओलाव्यानं कमजोर होतं. मूळ बाटली, घट्ट झाकण, कोरडं कपाट. आतली ओलावा शोषणारी पुडी टाकायची नाही. पावसाळ्यात रक्ततपासणीत टीएसएच (गोळी कमी पडली की वाढणारं संप्रेरक) वाढलेला आला तर डोस वाढवण्याआधी बाटली कुठे असते ते पाहावं, आणि गोळी कशी घेतली जाते तेही: उपाशीपोटी, चहाच्या 30 ते 60 मिनिटं आधी, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून 4 तास लांब. डोस बदललाच तर पुढची तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी.

वीज गेली की इन्सुलिन मडक्यात ठेवतात. कोरड्या मुलखात ते उत्तम. इथे जूनमध्ये मडक्याचाही घाम सुकत नाही, म्हणून ते फारसं गार होत नाही. बर्फाच्या पिशवीचा थर्मास बरा, फक्त कुपी फडक्यात गुंडाळलेली हवी. बर्फाला टेकून गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.