आधी जागा दाखवा, मग गाडी

गाडीचा रंग ठरला होता, हप्ता ठरला होता, बायको मागच्या सीटवर बसून बघून आली होती. सही करायला मी पेन हातात घेतलं, तेव्हा शोरूममधल्या माणसानं विचारलं, "गाडी ठेवणार कुठे?" मी म्हटलं, घराजवळ. तो म्हणाला, घराजवळ म्हणजे नेमकी कुठे, त्याचा पोलिसांचा दाखला लागेल. तो आला की मग गाडी तुमच्या नावावर.

टोकियोत येऊन सहा वर्षं झाली, पण तोवर गाडीची गरज पडली नव्हती. आम्ही निशी-कासाईला राहतो. दाराशी तोझाई लाइन, किराणा पायी, शाळा पायी. दुसरं बाळ होणार म्हटल्यावर गाडी घ्यावीशी वाटली. तेव्हा कळलं की जपानमध्ये १९६२ पासून असा कायदाच आहे. राहत्या घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत, रस्त्यावर नव्हे तर रस्त्याबाहेर, गाडी मावेल एवढी जागा तुमच्याकडे आहे हे आधी सिद्ध करायचं. दाखल्याला 'शाको शोमेई' म्हणतात. त्याच कायद्यानं रात्री रस्त्यावर एका जागी सलग आठ तास गाडी उभी ठेवणं गुन्हा आहे. आठ तास! बेळगावला, शहापुरात, आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, वॅगनआर नऊ वर्षं एकाच जागी उभी होती.

मग जागा शोधणं आलं. आमच्या इमारतीत यंत्राचं पार्किंग आहे, लोखंडी तळ्या एकावर एक, बटण दाबलं की आपली तळी खाली येते. पण तिथं गाडीची उंची एक मीटर पंचावन्न सेंटिमीटरच्या वर चालत नाही, आणि आम्हाला हवी होती सरकत्या दारांची उंच गाडी. स्टेशनजवळ विचारलं तर महिन्याला २८ हजार येन. म्हणजे आपले सोळा हजार रुपये, नुसत्या गाडीच्या झोपण्याचे. एवढ्यात बेळगावच्या अनगोळात दोन खोल्यांचं चांगलं घर भाड्यानं मिळतं. वर अनामत, वर एजंटाचा एक महिना. तीन रविवार मी सायकलवरून गल्लीबोळ फिरलो. इथं महिनेवारी पार्किंगच्या कोपऱ्यावर पाटी असते, जागा रिकामी आहे की नाही आणि फोन नंबर. स्टेशनपासून एकेक चौक लांब गेलं की भाडं हजार-दोन हजारांनी उतरतं हे लक्षात आलं. मग नकाशावर घराभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि त्याच्या कडेकडेनंच शोधायला लागलो.

वर्तुळाच्या आत, घरापासून एक किलोमीटर सहाशे मीटरवर, सात गाड्यांचा एक तुकडा सापडला. भाडं १६ हजार. मालक ऐंशीच्या घरातले आजोबा. मुळात तो त्यांचा भाजीचा मळा. हा भाग कोमात्सुना नावाच्या पालेभाजीचा, इथल्याच कोमात्सुगावावरून तिचं नाव पडलंय. गाड्यांच्या शेजारी त्यांनी अजून चार वाफे ठेवलेत. मातीत बोटं घालून त्यांनी मला दाखवलं, ही माती काळी आहे, सिमेंट घालवत नाही म्हणून या बाजूला खडीच टाकली. मला शहापूर शिवार आठवलं. बासमतीचा भात आला की वाऱ्यावर वास यायचा, त्या शिवाराच्या कडेला आता काय काय उभं राहिलंय ते तुम्ही रोज बघताच.

दाखल्याच्या अर्जाला दोन नकाशे जोडायचे असतात. एक घरापासून जागेपर्यंतचा, दुसरा खुद्द जागेचा, लांबी-रुंदी आणि समोरच्या रस्त्याची रुंदी लिहून. शिवाय मालकाचं संमतिपत्र. माझं जपानी बोलण्यापुरतं बरं आहे, सरकारी कागदापुढं ते आटतं. आजोबांनी घरातून टेप आणली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून गुडघ्यावर बसले. अडीच मीटर, पाच मीटर. मग रस्त्याच्या पलीकडच्या गटारापर्यंत चालत गेले, चार मीटर. प्रत्येक आकडा त्यांनी मोठ्यानं म्हटला आणि मी लिहिला. शेवटी माझ्या हातातला कागद घेऊन पट्टीनं त्यांनीच तो नकाशा पुन्हा स्वच्छ काढून दिला. पोलीस ठाण्यात तो एका फटक्यात मंजूर झाला.

फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणं आम्हा बेळगावकरांना नवीन नाही. मला कन्नड वाचता येतं, लिहिता येतं, माझ्या पिढीत बहुतेकांना येतं. पण आप्पा आयुष्यभर कचेरीच्या व्हरांड्यात कुणाला तरी "एवढं भरून देता काय" असं विचारत उभे राहिले. सहीपुरता मराठी कागद मिळावा म्हणून किती वर्षं घोषणा दिल्या गेल्या ते सांगायला नको. त्या संध्याकाळी परक्या देशातला परका म्हातारा माझ्यासाठी गुडघ्यावर बसला तेव्हा मला भरून आलं. इथं मी परका म्हणून मला मदत मिळाली. आप्पा तर आपल्याच गावात उभे होते.

घरी फोनवर हे सांगितलं तर आप्पा म्हणाले, "आपल्या घरापुढं गाडी लावायला पोलिसाचा कागद? मग घर कशाला बांधलंय?" आणि लगेच मला २०२५ च्या मे महिन्यातल्या बातमीची आठवण करून दिली. महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं होतं, गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. "पण आपली गाडी कर्नाटकची, केए बावीस," आप्पा म्हणाले, "आपल्याला कुठं लागतंय ते." सीमेचा असा फायदा घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

मला त्यांचा राग येत नाही. आमची गल्ली सांगली संस्थानच्या काळातली. घर बांधताना माझ्या आजोबांनी बघितलं ते सोप्यात माग मावतो की नाही. गाडी कुणाच्या स्वप्नात नव्हती. आणि टोकियोसारखी दर चार मिनिटांनी रेल्वे आमच्याकडे नाही. चंदगडचं लग्न, निपाणीचं बारसं, कोल्हापूरचा दवाखाना, सगळी नाती हद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. गाडी ही आमच्याकडे चैन नाही. शिवाय आमच्या गल्लीला तिची स्वतःची रीत आहे. गणपतीचा मंडप घालायचा म्हटलं की कुणी नोटीस लावत नाही, संध्याकाळी एक पोरगं दारोदार ओरडत जातं आणि अर्ध्या तासात सगळ्या गाड्या बाहेर. इथं माझ्या शेजारच्या चौकोनात पांढरी गाडी उभी असते. तिचा मालक मी अजून बघितलेला नाही.

पण त्या जपानी आजोबांची टेप डोक्यातून जाईना. जपानमधल्या एप्रिल-मेच्या गोल्डन वीकच्या सुट्टीत आम्ही बेळगावला आलो, शिवजयंतीचे चित्ररथ मुलीला दाखवायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन गल्लीत उतरलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन मीटर साठ. गाडीची रुंदी एक मीटर बासष्ट, भिंतीपासून तिचं अंतर वीतभर. उरले जेमतेम एक मीटर पंच्याहत्तर. रिक्षा जाते. रुग्णवाहिका जात नाही. हे नऊ वर्षांत आमच्यापैकी कुणी मोजलं नव्हतं.

आणि गाडी आमच्या दारापुढं नव्हतीच. आमच्या दारात पायरी पुढं आलेली, म्हणून ती शेजारच्या काकूंच्या कट्ट्याला लागून उभी असायची. त्यांच्या घरात गाडी नाही, म्हणून ती जागा रिकामी, असं आम्ही धरून चाललो होतो. काकूंनी कधी एका शब्दानं सांगितलं नाही. उलट पोरं काचेला हात लावायला आली की त्याच हाकलायच्या. मी लहान असताना त्याच कट्ट्यापुढं त्या उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची वाळत घालायच्या, जुन्या धोतरावर पसरून. आम्हाला राखण बसवायच्या आणि बदल्यात गुळाचा खडा द्यायच्या. ती मिरची गच्चीवर कधी गेली हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. काकूंचे गुडघे आता जिना चढत नाहीत, सून नेऊन टाकते असं आईकडून कळलं.

दोन दिवस मी जागा शोधत फिरलो. बाजारात शनिवारी गाडी लावायला काय धडपड होते ते तुम्हाला माहीत आहे, पण राहत्या वस्तीत महिन्याच्या भाड्यानं जागा मागणारा मी बहुधा पहिलाच. लोक विचारात पडायचे. एका घरमालकानं विचारलं, "रात्रीपुरती काय? मग फुकट लावा की." मला फुकट नको होती. शेवटी नाथ पै सर्कलच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटचे मालक महिना हजार रुपयांना तयार झाले. गेट आहे, कुलूप आहे. घरापासून चालत सात मिनिटं.

आप्पा दोन दिवस बोलले नाहीत. एकाहत्तराव्या वर्षी गाडीपर्यंत चालत जायचं, तेही पैसे देऊन. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी परत जाणार, चालायचं त्यांना आहे. पावसाळ्यात बेळगावचा पाऊस कसा लागतो ते मला ठाऊक आहे. पहिले सहा महिन्यांचे पैसे मी देऊन आलो, त्यानंतर ते काय करतील ते त्यांनी मला सांगितलेलं नाही.

निघायच्या आदल्या सकाळी बाहेर आलो तर कट्ट्यापुढं धोतर पसरलेलं, त्यावर लालभडक मिरची. काकू कट्ट्यावर बसून देठ मोडत होत्या. मला बघून त्यांनी आमच्या रिकाम्या पायरीकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि काळजीनं आवाज खाली करून विचारलं, "गाडी विकलीसा काय रे?"