स्ट्रायकरची सवय सुटता सुटत नाही: पब पूल लीगचा पहिला हिवाळा

पंधरा सामने झाले. सिंगल्सच्या पंधरा फ्रेमपैकी (फ्रेम म्हणजे एक डाव) सहा जिंकल्या. आकडा मिरवण्यासारखा नाही, पण पहिल्या सातांत एकच जिंकली होती आणि पुढच्या आठांत पाच. मध्ये काय बदललं ते विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडात बर्कशायरमधल्या चार-पाच गावांतले पब, दर गुरुवारी रात्री सामना, एकदा आपल्या टेबलावर, एकदा त्यांच्या. आमच्या लीगमध्ये टीम सहा जणांची: सहा सिंगल्स, तीन डबल्स, एकूण नऊ फ्रेम. टेबल सात फुटी. सात लाल, सात पिवळे, एक काळा. भारतात मॉलमध्ये दिसणारे नंबरवाले मोठे बॉल आणि ऐसपैस पॉकेट्स डोक्यातून काढून टाका. इथलं पॉकेट स्नूकरसारखं गोल ओठांचं असतं, जरा चुकलं की बॉल खडखडून बाहेर. मध्यंतरात यजमान पबाकडून चिप्स आणि सँडविच. चिप्स खाव्यात.

मी आलो कॅरममधून. चाळीत वाढलेल्याला कट आणि अँगल कुणी शिकवावे लागत नाहीत, त्यामुळे पहिल्याच सरावात अवघड बॉल पॉकेटात गेले आणि कॅप्टनने लगेच नाव लिहून घेतलं. पुढचे दोन महिने त्याला पश्चात्ताप झाला असणार, बोलला मात्र काही नाही.

घोळ कुठे होता ते कळायला मला नोव्हेंबर उजाडला. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर उचलून पुन्हा आपल्या रेघेवर ठेवायचा. तो कुठे जाऊन थांबला याच्याशी आपल्याला काय देणंघेणं! पूलमध्ये क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा तो पांढरा बॉल जिथे थांबला तिथूनच पुढचा शॉट. म्हणजे माझी नजर तयार होती ती अर्ध्याच खेळासाठी. बॉल घालून मी खूश, आणि पांढरा कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला, चिकटलेला.

हाताचीही एक खोड होती. कॅरमचा स्ट्रायकर पंधरा ग्रॅमचा, सोंगटी पाच-साडेपाचची. सरळ बसला तरी स्ट्रायकर पुढे जातच राहतो. पबातल्या टेबलावर उलटा हिशेब: रंगीत बॉल दोन इंचांचे आणि पांढरा त्याहून लहान, पावणेदोन इंचांच्या थोडा वर. टेबलाच्या पोटातल्या यंत्राला तो आकारावरून वेगळा ओळखता यावा म्हणून. पॉकेटात गेलेले बाकीचे बॉल पुढचं नाणं टाकेपर्यंत आत अडकतात, हा एकटा परत येतो. लहान म्हणजे वजनालाही हलका, त्यामुळे तो न गडगडता, घसरत जाऊन सरळ बसला तर थांबतोच, उलट किंचित मागे सरकतो. स्क्रू (पांढरा मागे येणं) फुकटात मिळतो, फॉलोला (पांढरा पुढे जात राहण्याला) मात्र मेहनत पडते. मी नेमका प्रत्येक शॉट फॉलोच्या भरवशावर मारत होतो.

उपाय साधा निघाला. रविवारी दुपारी पब रिकामा असतो. टेबलावर बिअरमॅट (ग्लासखाली ठेवतात तो पुठ्ठा) ठेवायचा, एक बॉल घालायचा आणि पांढरा त्या मॅटवर थांबवायचा. बॉल गेला पण पांढरा मॅटवर नाही, तर शून्य. चाळीस शॉटचा एक संच. पहिल्या रविवारी अकरा जमले, सहा आठवड्यांनी तेवीस. मध्ये एका रविवारी नऊ, पण त्याच्या आदल्या रात्री लग्नाला गेलो होतो, तो धरत नाही.

दुसरा धडा मिळाला बाहेरच्या एका सामन्यात. समोर सत्तरीचे एक आजोबा, चष्मा दोरीला लटकवलेला. मी सलग सहा पिवळे घातले, टीमने टाळ्या वाजवल्या. सातवा लांबच्या कुशनला. आजोबांचे सातही लाल टेबलावर, त्यातले दोन पॉकेटांच्या तोंडाशी, म्हणजे ती पॉकेट्स मला बंदच. त्यांनी पांढरा एका लालच्या मागे अलगद दडवला. मला मारायला उरलेला बॉल एकच, आणि तोच दिसत नाही. फाउल. आमच्याकडे फाउलला समोरच्याला दोन शॉट. पहिल्यात त्यांनी काही घातलंच नाही, नुसता गुंता सोडवला. दुसऱ्या शॉटपासून एकेक करत सगळे नेले आणि शेवटी काळा. हात मिळवताना म्हणाले, सहा घालायला तुला घाई कसली होती?

खरंच होतं ते. शेवटपर्यंत जायची वाट दिसत नसेल तर आपले बॉल टेबलावर असलेले बरे. ते समोरच्याच्या वाटेत येतात, आणि आपल्याला मारायला काहीतरी शिल्लक राहतं. तेव्हापासून ब्रेकनंतर, म्हणजे सुरुवातीला बॉल फोडून झाल्यावर, मी आधी अडकलेला बॉल शोधतो. तो सुटणार नसेल तर दोन घालून तिसऱ्याला पांढरा लपवतो. कॅरमवाल्या जिवाला हे फार जड जातं. समोर सोंगटी दिसतेय आणि घालायची नाही!

जाता जाता एक किस्सा. स्नूकरचा जन्म 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत झाला, असं मी बारवर सांगितलं. कॅप्टनचा विश्वास बसेना. फोनवर दाखवलं, तर म्हणे, शोधणारा चेंबरलेन आमचाच ना? मग मी पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स काढले, 1958 चे हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते, भारताला कुठल्याही खेळात मिळालेले पहिले वैयक्तिक विश्वविजेते. त्यावर लाइम सोडा मिळाला. (परतीची गाडी माझ्याकडे असते.)

अजून न जमलेलं: ब्रेक. जोर लावला की पांढरा मधल्या पॉकेटात जातो, पंधरापैकी चार वेळा गेलाय. आता पूर्ण ताकद सोडून पाऊण ताकदीने, दुसऱ्या रांगेवर मारून बघतोय. डबल्समध्येही गोची आहे, जोडीदार डावखुरा, त्याला सोयीची जागा मला उलटी वाटते.

क्यूची टिप पार बसलीय, कडेने चामडं सुटायला लागलंय. नवी आणून ठेवली आहे, पण लावली की मुरायला आठवडाभर जातो. गुरुवारचा सामना आजोबांच्या पबात आहे, त्यामुळे तेवढा जुन्या टिपवरच खेळणार.